जुनी गाडी घेतली, आता किरकोळ बिघाड कसे काढायचे?



गेल्या वर्ष-दीड वर्षात आपल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांनी जुनी चारचाकी घेतली. कुणी कोल्हापुरातनं आणली, कुणी बेळगावातनं, कुणी पाव्हण्यांचीच घेतली. चांगली गोष्ट आहे. पहाटे जाळं काढायचं, मासळी बर्फात घालायची आणि एसटीची वाट न बघता निपाणी, संकेश्वर, कोल्हापूर गाठायचं, यात दोन पैसे जास्त सुटतात. पण जुनी गाडी आली की तिच्याबरोबर तिची दुखणीही येतात. ऑफिसात हप्ता भरायला आलेला माणूस हप्त्याचं कमी आणि गाडीचंच जास्त बोलतो, अशी परिस्थिती आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मी काही मेस्त्री नाही. पण एकदा चांगला ठेचकाळलोय, त्यातनं शिकलो ते सांगतो. सगळ्या लेखाचं सार एका ओळीत: आधी कारण शोधा, मग पार्ट बदला. किरकोळ बिघाड स्वस्तात निघतो. अंदाजानं पार्ट बदलत बसलं की तोच बिघाड एका हंगामाची कमाई खातो.

माझीच गोष्ट

आम्ही जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली, मेच्या तोंडावर. तिसऱ्याच आठवड्यात मागं रोहू आणि कटला मिळून चाळीस किलो माल बर्फात, शेजारी सौ., आणि आम्ही तवंदी घाटात. पुढं ट्रकांची रांग लागलेली. काटा वर सरकत गेला आणि बॉनेटमधनं वाफ आली. रस्त्याकडेला उभे राहिलो. उन्हात बर्फ किती वेळ टिकणार? शेवटी मेव्हण्याला फोन केला, त्याच्या गाडीत माल चढवला. निम्मा माल पडेल त्या भावात गेला.

एका गॅरेजवाल्यानं गाडी बघितली आणि दोन मिनिटांत सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय. पंधरा-अठरा हजार धरा." मी तयारही झालो होतो. पण सौ. म्हणाली, "अहो, ही गाडी पळताना कधी तापत नाही. उभी राहिली की तापते. मागच्या बाजारालापण फाटकात थांबलो तेव्हाच काटा वर गेला होता."

तिथं माझं डोकं चाललं. गाडी पळते तेव्हा समोरचं वारं रेडिएटर थंड करतं. उभी असते तेव्हा ते काम फॅन करतो. म्हणजे संशय फॅनवर. अंगणात गाडी सुरू करून उभी केली, एसी लावून बघितला. फॅन ढिम्म. काटा मध्याच्या वर गेला तरी ढिम्म. मग ओळखीच्या एका वायरमन पोरानं फ्यूजच्या डबीतला फॅनचा रिले काढला आणि त्याच नंबरचा शेजारचा रिले तिथं बसवून बघितला. फॅन फिरायला लागला! नवा रिले दोनशेच्या आसपास मिळाला. उकळून गेलेलं कूलंट भरलं, गाडी परत बाजाराला लागली.

तो गॅरेजवाला लबाड होता असं मी म्हणत नाही. त्यानं तपासलं नाही, अंदाज केला. आणि त्या अंदाजाचे पैसे मी देणार होतो.

पहिलं काम: वही करा

गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात काहीही दुरुस्त करू नका, ब्रेक आणि टायर सोडून. दहा पानी वही घ्या, गाडीतच ठेवा. जे खटकेल ते लिहा. पण "आवाज येतो" एवढंच लिहू नका. केव्हा येतो ते लिहा: थंड असताना की तापल्यावर, उभी असताना की पळताना, वळताना की खड्ड्यात, रिकामी असताना की माल भरल्यावर. मेस्त्रीला याच माहितीवर निम्मा बिघाड कळतो. होडीला पाणी लागलं तर आपण लगेच सगळी फळी उखडतो का? आधी पाणी कुठनं येतंय ते बघतो. तसंच हे.

मग यादीचे चार भाग करा आणि याच क्रमानं हातात घ्या: १) गाडी थांबण्याचं, २) तापण्याचं, ३) सुरू होण्याचं, ४) बाकी सगळं. म्युझिक सिस्टीम आणि सीट कव्हर चौथ्या भागात. बरेच जण तिथंच सुरुवात करतात!

१) थांबणं: ब्रेक आणि टायर

गाडी सुरू ठेवून ब्रेकचं पायडल अर्धा मिनिट दाबून धरा. पायडल हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. अशी गाडी बाहेर काढू नका. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर चारही चाकांचं काम बघून घ्या. ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा डिस्क वाकडी झालेली असते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा शिरला की ते लवकर उकळतं आणि घाट उतरताना ब्रेक मऊ पडतो. आधीच्या मालकानं कधी बदललं हे माहीत नसेल तर बदलूनच टाका, पुढं दर दोन वर्षांनी. डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच घाला.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असं नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर वयानं कडक होतो, बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षीची खोली कायद्यानं कमीत कमी १.६ मिलिमीटर लागते. खाचेत बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. माल भरून जाणार असाल तर त्यातला पूर्ण लोडचा आकडा बघा. आणि स्टेपनी एकदा खाली काढून बघा, बऱ्याच गाड्यांत ती वर्षानुवर्षं हलवलेलीच नसते.

२) तापणं

एक साधी ओळख लक्षात ठेवा. उभी असताना तापते, पळताना नाही: फॅन, त्याचा फ्यूज, रिले, वायर किंवा सेन्सर. पळताना आणि चढाला तापते: कूलंट कमी, रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप.

रेडिएटरच्या टोपणाकडे कुणी बघत नाही. हे टोपण आत दाब धरून ठेवतं. पाणी उघड्यावर १०० अंशाला उकळतं, पण ०.९ बारचं टोपण नीट असेल तर आतलं पाणी साधारण ११८ अंशापर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर गेलं की दाब राहत नाही आणि गाडी लवकर उकळते. थोडक्यात मिळणारी वस्तू आहे, पण त्याच नंबरची घ्या. आणि तापलेल्या गाडीचं टोपण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं. चांगला अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. घरात पोरंबाळं असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.

हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर त्याची लक्षणं वेगळी असतात: सायलेन्सरमधनं सतत पांढरा धूर, कुठं गळत नसताना कूलंट कमी होणं, इंजिन सुरू असताना कूलंटमध्ये एकसारखे बुडबुडे, ऑइल दुधासारखं होणं. यातलं एकही नसेल तर मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी दुसऱ्या मेस्त्रीला दाखवा. आणि नदीचं, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये भरू नका. क्षार बसतात आणि रेडिएटर चोंदतो.

३) सुरू होणं

सकाळी सेल्फ मारला की "टक टक" होतं, गाडी सुरू होत नाही. लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आधी बॉनेट उघडून टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पावडर धरली असेल तर आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. गरम पाण्यानं धुवा, पुसा, घट्ट बसवा. बसवताना प्लस आधी, मायनस शेवटी. बॅटरीवरनं बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर जिथं बोल्टला लागते तिथंही गंज असतो, तोही खरवडून काढा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

तरीही तसंच असेल तर मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. मग गाडी सुरू करून मोजा. १३.८ ते १४.५ दिसलं तर डायनॅमो चार्ज करतोय. गाडी सुरू असूनही १२ च्याच घरात असेल तर दोष बॅटरीचा नाही, डायनॅमोचा किंवा बेल्टचा आहे. तिथं नवी बॅटरी टाकली तर तीपण दोन दिवसांत बसेल आणि चार-पाच हजार पाण्यात.

मीटरवरचा पिवळा दिवा

इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला की घाबरू नका आणि त्यावर चिकटपट्टीही लावू नका. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टेअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात छोटं यंत्र लावलं की मोबाईलवर कोड दिसतो. उदाहरणार्थ पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. पण का जळत नाही ते कोड सांगत नाही. प्लग असेल, कॉईल असेल, दुसरंही काही असेल.

तपासायची युक्ती रिलेसारखीच. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असते तिथं पहिल्याची कॉईल दुसऱ्यावर टाका, कोड पुसा, गाडी फिरवा. आता पी०३०२ आला तर दोष कॉईलबरोबर गेला, म्हणजे कॉईल खराब. पी०३०१ च राहिला तर कॉईल चांगली, दुसरीकडं बघा. खर्च शून्य.

तापमानाचा किंवा ऑइलचा लाल दिवा मात्र वेगळा. लाल दिवा लागला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणालात तर इंजिन घालवाल.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखा

आपल्या भागाला हे नवीन नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा कुठपर्यंत आल्या होत्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं होतं. त्या काळात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. कधी लाईट जाते, कधी काच अडकते, कधी हॉर्न आपोआप वाजतो, असे येणारे-जाणारे वायरिंगचे बिघाड असतील तर पुराचा संशय घ्या.

बघायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातीचा डाग आहे का बघा. सीटखालच्या पट्ट्या आणि बोल्ट गंजलेत का बघा. मॅट उचलून खालचा गालिचा हुंगा. स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का बघा. अशी गाडी अजून घेतली नसेल तर घेऊ नका. घेतली असेल तर एकेक पार्ट बदलत बसू नका. चांगल्या वायरमनकडनं सगळे जोड उघडून साफ करून घ्या, ते स्वस्त पडतं.

आणि पूर येऊ दे न येऊ दे, आपण मासळीवाले आपल्या गाडीत रोज पाणी सांडतो. बर्फाचं पाणी, त्यात मीठ, मासळीचा चिकटा. हे गालिच्याखाली मुरतं. पत्रा आतनं सडतो आणि सीटखालच्या वायरींचे जोड हिरवे पडतात. उपाय साधा आहे. मागं चारही बाजूंनी वर दुमडलेली जाड ताडपत्री, त्यावर बंद तळाचे क्रेट किंवा थर्माकोलचा डबा. माल उतरला की ताडपत्री बाहेर काढून धुवायची. आठवड्यातनं एकदा मॅट उचलून दरवाजे उघडे टाकून गाडी उन्हात वाळवायची. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करा.

४) आवाज आणि बाकीचं

खड्ड्यात "कट कट" म्हणजे बहुधा बुश किंवा लिंक रॉड. पूर्ण वळताना "कड कड" म्हणजे ॲक्सलचा जॉइंट, त्याचं रबर फाटलंय का बघा. वेग वाढेल तसा वाढणारा घुमणारा आवाज म्हणजे चाकाचं बेअरिंग किंवा टायर. सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे बेल्ट. पण आधी डिकीतला जॅक आणि पाने बाहेर काढून एक चक्कर मारा. हसू नका, आमच्या एका सभासदाचा "सस्पेन्शनचा आवाज" सुट्ट्या जॅकचा निघाला.

कंपनीकडनं परत बोलावलेली गाडी आहे का तेही बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुतीनं पेट्रोलच्या नळीच्या तपासणीसाठी १ लिटरच्या ४०,६१८ वॅगन आर परत बोलावल्या होत्या. असं काम कंपनी फुकट करून देते. चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून किंवा सर्व्हिस सेंटरला देऊन आपल्या गाडीचं काही राहिलंय का विचारा.

कागदाचा बिघाड

आपण सीमेवरची माणसं. एमएच ०९ ची गाडी घेऊन केए २३ च्या हद्दीत राहतो. गाडी ठणठणीत, पण कागद अर्धे, हा सगळ्यात महाग बिघाड. महाराष्ट्राची गाडी बारा महिन्यांच्या वर कर्नाटकात ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. आधीच्या मालकाच्या सह्या पैसे देतानाच घ्या, नंतर माणूस सापडत नाही. इथं आजीवन कर भरावा लागतो, तो हिशेब गाडीची किंमत ठरवतानाच धरा. तिकडच्या भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर आरसी नूतनीकरणाचाही खर्च धरा. जुने ई-चलन थकलेत का तेही घेण्याआधी ऑनलाइन बघा.

विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाच्या नावावर विमा राहिला आणि गाडी ठोकली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकतात. शिवाय पांढऱ्या पाटीच्या गाडीत दुसऱ्याचा माल भाड्यानं नेऊ नका, त्याला व्यावसायिक परवाना लागतो.

मेस्त्रीशी कसं बोलायचं

"गॅस्केट बदला" असं म्हणू नका. "उभी असताना तापते, फॅन फिरत नाही" असं लक्षण सांगा. काय तपासलं ते विचारा. एका वेळी एकच काम करून घ्या, म्हणजे कशानं बरं झालं ते कळतं. जुना पार्ट परत मागा. बिल आणि किलोमीटर वहीत लिहा. चांगला मेस्त्री या गोष्टींना रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. आणि मेस्त्री चांगला मिळाला तर त्याच्याशी पैशावरनं घासाघीस करून त्याला तोडू नका.

गाडीसाठी पैसे काढताना आपण सगळे पैसे गाडीतच घालतो. तसं करू नका. किमतीतले निदान दहा हजार पहिल्या तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवा. ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, बेल्ट एवढं त्यात होतं.

आणि घरातल्या माणसांचं ऐका. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला ड्रायव्हरपेक्षा जास्त दिसतं, जास्त ऐकू येतं. माझे पंधरा-अठरा हजार सौ.च्या एका वाक्यानं वाचले. तेवढ्यात दोन नवीन जाळी आली.

सोसायटीच्या ऑफिसात एक मल्टीमीटर आणि टायरची हवा मोजायचं मीटर आणून ठेवलंय. सभासदांनी वहीत सही करून न्यावं, वापरावं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावं. कसं लावायचं ते माहीत नसेल तर संध्याकाळी पाचनंतर या, दाखवतो.

आपला,
सचिव